खुंटी, भोपळा आणि पिकअप

‘आवाज आहे, पण सूर नाही’ हा बैठकीतला जुना शेरा. मराठीने या दोन शब्दांची केलेली वाटणी मोठी मार्मिक आहे. आवाज चढतो, उठवला जातो, दाबला जातो. सूर मात्र लागतो, जुळतो, सुटतो. आवाजाचा संबंध बळाशी आहे आणि सुराचा नात्याशी. कोणत्याही तंतुवाद्याची घडण पाहिली तर हीच वाटणी लाकडात कोरलेली दिसते. तार ताणणारी खुंटी सुराला जबाबदार असते आणि तारेचा क्षीण कंप मोठा करणारा भोपळा आवाजाला. विजेवर चालणाऱ्या वाद्यात भोपळ्याचे काम पिकअप करतो, खुंटीचे काम दातेरी चावी करते. इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा माणूस आपले वाद्य सुधारायला काढतो तेव्हा बहुधा याच दोन भागांना हात घालतो. बाकी लाकूड तेच, तारा त्याच, हात तोच.

वाद्यांचे इतिहास बहुधा संपूर्ण वाद्यांचे लिहिले जातात : अमुक शतकात अमुक वाद्य आले, तमुक उस्तादाने त्याला प्रतिष्ठा दिली. बदललेल्या भागांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. त्याचे कारण उघड आहे. नवा भाग बसला की जुना भंगारात जातो, आणि भंगाराचे दप्तर कोणी ठेवत नाही. येथे आम्ही तसा एक लहानसा प्रयत्न करीत आहोत. इंदापूर तालुक्यातील बावडा हे गाव मध्यभागी ठेवून वीणेच्या भोपळ्यापासून बेंजोच्या पिकअपपर्यंतची वाट चालून पाहावी, एवढाच हेतू.

बावडा म्हटले की पुष्कळांना कोल्हापूरचा कसबा बावडा आठवतो. हा बावडा वेगळा. भीमा आणि नीरा या दोन नद्या एकमेकींच्या जवळ येत येत नीरा-नरसिंहपूरला मिळतात. त्या संगमाआधीच्या निमुळत्या बेचक्यात, इंदापूर-अकलूज रस्त्यावर हे गाव आहे. तुकोबांची पालखी इंदापूरचा मुक्काम आटोपून सराटीकडे निघते ती याच वाटेने. लग्नसराईत याच रस्त्यावरून वराती निघतात आणि त्यांत बेंजो वाजतो. म्हणजे एकाच डांबरी रस्त्याने वर्षाकाठी दोन तंतुवाद्ये जातात. एकाच्या ऐकू येण्याला महत्त्व नाही, दुसऱ्याचे सारे अस्तित्वच ऐकू येण्यावर अवलंबून आहे.

पहिले वाद्य म्हणजे दिंडीतली वीणा. दिंडीत टाळांचा आणि मृदंगाचा जो घोष चालतो त्यात वीणेची तार चार हातांपलीकडे ऐकू येत नाही. तरीही दिंडी वीणेकऱ्याची असते. अभंग कोणता घ्यायचा, कधी थांबायचे, हे त्याच्याकडे पाहून ठरते. सप्ताहात वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही असा दंडक असतो. पहारा बदलताना वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते आणि घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो. वाद्य येथे आधारस्वर देते. तो ऐकू येतो की नाही हा प्रश्नच गौण आहे; तो चालू आहे, एवढे पुरते. आवाजाची कसलीही हाव नसलेले वाद्य म्हणून वारकरी वीणेकडे पाहिले पाहिजे. तिला पिकअप लावावा असे कोणाला सुचले तर ती सूचना तांत्रिकदृष्ट्या सोपी आणि अर्थाच्या दृष्टीने निरर्थक ठरेल. (मंडपात वीणेकऱ्यापुढे ध्वनिक्षेपक अलीकडे असतो, परंतु तो गळ्यासाठी असतो, वीणेसाठी नव्हे.)

या वीणेचा, तंबोऱ्याचा, सतारीचा भोपळा येतो कोठून? भीमेच्या काठाने खाली गेले की पंढरपूर-मंगळवेढ्याचा भाग लागतो. मिरजेच्या वाद्यकारांना लागणारे मोठे कडू भोपळे या भागातून जातात. वेलीवर पिकलेला, उन्हात वाळलेला, आतून पोकळ झालेला हा भोपळा म्हणजे आमच्या प्रदेशाने भारतीय संगीताला दिलेला ध्वनिवर्धक आहे. विजेचा ध्वनिवर्धक येण्यापूर्वी आवाज वाढवण्याचा आपल्याकडचा उपाय शेतात पिकत होता, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्याने रूपक म्हणून वापरण्याआधी वस्तुस्थिती म्हणून ध्यानात घ्यावी.

मिरजेची कथा अनेकदा सांगितली गेली आहे. तिचा एकच पैलू येथे घेतो. तंबोरे आणि सतारी करणारी तिथली घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारींना पाणी देणारी, हत्यारे घडवणारी. इंग्रजी अंमलात हत्यारांचा धंदा बसला. तेव्हा फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या बंधूंनी आधी वाद्यांची दुरुस्ती आणि मग निर्मिती हाती घेतली. हा काळ १८५० च्या सुमाराचा सांगितला जातो. आमच्या मते या हकिकतीतला ‘दुरुस्ती’ हा शब्द महत्त्वाचा आहे. परंपरा सुरू झाली ती मोडलेल्या वाद्याचा भाग बदलण्यापासून. खुंटी झिजली, ती बदलली. घोडी बसली, ती घासली. आणि असे करता करता संपूर्ण वाद्य घडवण्याचे ज्ञान हातात आले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानाच्या मुळाशी हत्यारे करणाऱ्या माणसाने बदललेला एखादा सुटा भाग आहे, हे विसरू नये.

तंबोऱ्याच्या खुंटीविषयीही दोन शब्द सांगायला हवेत. ती लाकडाची, निमुळती, घर्षणावर उभी. पावसाळ्यात फुगते आणि हलत नाही, उन्हाळ्यात आकसते आणि थांबत नाही. तिने सूर ढोबळ मानाने लागतो. बारीक काम घोडीमागचा मणी करतो आणि स्वराला झळाळी जव्हारीवरचा दोरा देतो. तंबोरा लावणे ही स्वतंत्र विद्या आहे ती या त्रुटींमुळेच. अब्दुल करीमखाँ (१८७२-१९३७) मिरजेला राहिले. त्यांच्या तंबोरे लावण्याची ख्याती त्यांच्या गाण्याइतकीच होती. १९७९ मध्ये बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा सिद्ध केला आणि तंबोरा लावण्याची गरजच नसलेला तंबोरा घराघरांत आला. त्याचा सूर कधी उतरत नाही. शिकणाऱ्याचा कान मात्र त्यामुळे एका कसरतीला मुकला, अशी तक्रार गायनशिक्षक करतात. तिच्यात तथ्य आहे.

आता विजेकडे वळू. १८३१ मध्ये फॅरेडेने दाखवून दिले की चुंबकीय क्षेत्र बदलले की तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. पिकअप म्हणजे या तत्त्वाचे अगदी लहान घर : एक चुंबक, त्याभोवती लाखेसारखा पातळ लेप दिलेल्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरून जाणारी पोलादी तार थरथरली की क्षेत्र हलते आणि वेढ्यांत तेवढ्याच कंपसंख्येची क्षीण वीज उत्पन्न होते. अमेरिकेत जॉर्ज बोशॅम्प यांनी १९३१ च्या सुमारास हा पिकअप हवाईयन गिटारसाठी सिद्ध केला. त्याचे एकस्व १९३७ मध्ये मिळाले. एक मर्यादा येथे नोंदवली पाहिजे. चुंबकाला पोलाद कळते, पितळ कळत नाही. तंबोऱ्याची खर्जाची तार पितळेची असते, सतारीतही खालच्या तारा पोलादाच्या नसतात. सतारीला चुंबकी पिकअप लावला तर वरची तार बोलते आणि खर्ज मुका होतो. म्हणून अशा वाद्यांना तारेऐवजी लाकडाचा कंप ओळखणारे, स्फटिकाच्या गुणधर्मावर चालणारे पिकअप चिकटवावे लागतात. प्रतिष्ठित वाद्यांच्या विद्युतीकरणातली एक साधी अडचण धातूची होती. सौंदर्यशास्त्राचा वाद तिच्यावर पुढे चढला.

पोकळ गिटारला पिकअप लावल्यावर दुसरी अडचण आली. ध्वनिवर्धकातून बाहेर पडलेला आवाज गिटारच्या पोकळ पोटात पुन्हा शिरतो, तारा पुन्हा थरथरतात, आवाज पुन्हा वाढतो आणि अखेर सभागृहभर एकच शिट्टी घुमते. भोपळा आणि पिकअप यांचे हे भांडण. एका वाद्यात आवाज वाढवणारे दोन अवयव एकत्र नांदत नाहीत. यावर भरीव फळीची गिटार हा एक उपाय निघाला. पण पोकळ लाकडाची ऊब त्यात गेली. १९५८ मध्ये गिब्सन कंपनीने जी ‘ईएस-३३५’ गिटार बाजारात आणली तिने मधला मार्ग काढला : दोन्ही बाजूंचे पंख पोकळ ठेवले आणि मध्यभागी वरपासून खालपर्यंत मेपल लाकडाचा भरीव ठोकळा बसवला. अर्धपोकळ गिटारचा हा आद्य नमुना. तिच्यावरचे पिकअप सेथ लव्हर यांच्या रचनेचे, दुहेरी गुंडाळीचे होते. एकेरी गुंडाळीला घरगुती विजेचा घुमघुमाट चिकटतो, आपल्याकडे तो सेकंदाला पन्नास आवर्तनांचा. दोन गुंडाळ्या परस्परविरुद्ध जोडल्या की घुमघुमाट एकमेकांत विरतो आणि तारेचा स्वर मात्र दुणावतो. या गिटारचे मालक आजही ‘सुधारणा’ म्हणून हेच दोन भाग बदलत असतात. चांगला पिकअप आणि चांगली चावी. चौदास एक या प्रमाणाची चावी चौदा वेळा फिरवावी तेव्हा तार गुंडाळणारा खुंट एकदा फिरतो. बोटाची चूक त्यामुळे चौदा हिश्शांनी लहान होते, आणि तार कितीही ओढत असली तरी दातेरी चाक उलटे फिरत नाही. लाकडी खुंटीच्या दोन्ही व्यथांवर हा उतारा आहे.

हे सारे मराठी माणसाच्या कानावर आले ते चित्रपटांतून. पुणतांब्याला १९१८ साली जन्मलेल्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्र यांनी, गोव्याच्या चिक चॉकलेटसारख्या वादकांना हाताशी धरून ‘अलबेला’ (१९५१) मध्ये जो वाद्यमेळ उभा केला त्याने गावोगावच्या कानांना नवे वळण लावले. पुढे व्हॅन शिप्ले यांच्या विजेच्या हवाईयन गिटारवरील चित्रपटगीतांच्या तबकड्या निघाल्या. शब्दांवाचून गाण्याची चाल वाजवायची आणि ऐकणाऱ्याने शब्द मनात म्हणायचे, ही रसिकतेची एक नवी रीत होती. तिला आम्ही फार महत्त्व देतो. कारण वरातीला नेमके हेच हवे असते. वरातीत गायक परवडत नाही आणि परवडला तरी ऐकू येत नाही. तिथे गाण्याची ओळख वाद्याने पटवून द्यावी लागते. ब्रास बँडची क्लॅरिनेट आणि ट्रंपेट हे काम करीत आली. परंतु त्यांना दमाची माणसे लागतात, पुष्कळ लागतात.

येथे बेंजो येतो. आपण ज्याला बेंजो किंवा बँजो म्हणतो त्याचा अमेरिकी बँजोशी नावापलीकडे संबंध नाही. (तिकडचा बँजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी आधी भोपळ्याचाच केला होता, हा योगायोग गमतीचा आहे.) आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग, आणि बुलबुलतरंग म्हणजे जपानी ‘तैशोगोतो’. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी तो १९१२ मध्ये तयार केला. तैशो सम्राटाच्या कारकिर्दीचे ते पहिलेच वर्ष, म्हणून ते नाव. लांबट पेटी, तिच्यावर पोलादी तारा आणि टंकयंत्राच्या असाव्यात तशा कळा. कळ दाबली की खालची पट्टी तारांवर टेकते आणि तेवढी तार लहान होते. दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच हे वाद्य हिंदुस्थानात आले आणि नाना ठिकाणी नाना रूपांनी रुजले. बलुचिस्तानात त्याची लांबी वाढली, त्याला ‘बेंजू’ म्हणू लागले आणि तिथल्या वादकांनी त्याच्यावर आपली लोकगीते चढवली. आमच्याकडे ते आधी मध्यमवर्गीय घरातल्या मुलांचे खेळणे होते. शिकायला सोपे, हार्मोनियमपेक्षा स्वस्त. त्याचे खरे भाग्य उघडले ते विजेमुळे.

बेंजोच्या तारा पोलादी आहेत. म्हणजे सतारीला जी धातूची अडचण आली ती याला आलीच नाही. मुंबई-कोकणातल्या आणि पुढे देशावरच्या वादकांनी त्याला चुंबकी पिकअप बसवला, पिकअपमधून ध्वनिवर्धकाकडे तार नेली, ध्वनिवर्धकातून गाडीवरच्या भोंग्याकडे नेली, आणि जे वाद्य खोलीबाहेर ऐकू येत नव्हते ते गल्लीच्या टोकापर्यंत पोचले. ढोलकी, ताशा, कच्छी ढोल यांच्या गदारोळातून गाण्याची चाल वर काढणारे दुसरे स्वस्त तंतुवाद्य नव्हते. एक माणूस, एक पेटी, एक बॅटरी. गणपती, दहीहंडी, लग्न, हळद, यात्रा सगळीकडे बेंजो पार्टी दिसू लागली.

बावड्याच्या परिसरातल्या लग्नसराईत आम्ही असाच एक बेंजो जवळून पाहिला. त्याची पेटी मुळात साधी, बाजारात मिळते तशी असावी. परंतु डाव्या टोकाला गिटारच्या चाव्या बसवलेल्या होत्या, तीन एका बाजूस आणि तीन दुसऱ्या बाजूस. आणि त्यांच्या शेजारी मूळच्या खिळ्यांची छिद्रे लाकडी गुल्ल्या ठोकून बुजवलेली होती. गुल्ल्यांचा रंग पेटीच्या रंगाहून किंचित फिका होता. कळांची ओळ संपते तेथे तारांखाली पिकअप होता, आणि त्याच्याही भोवतीच्या खाचेवरून तो काही पहिला नव्हे हे कळत होते : आधीची खाच रुंद होती, उरलेली फट पॅकिंग घालून भरली होती. पेटीच्या पोकळीत फोम कोंबला होता. वादकाला त्याचे कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, नाहीतर ‘शिट्टी मारतं’. गिब्सनच्या कारखान्याने मेपलचा ठोकळा घालून जो प्रश्न सोडवला तोच प्रश्न येथे गादीच्या फोमने सुटला होता. आम्हाला या तुलनेत विनोद दिसत नाही. दोन्हीकडे पोकळी आणि पिकअप यांचा तंटा एकच आहे. उपलब्ध सामग्री तेवढी निराळी.

चाव्या का बदलल्या, याचे उत्तर हवामानात आहे. लग्ने एप्रिल-मेमध्ये, वरात उघड्या गाडीवर. उन्हात पोलादी तार प्रसरण पावते, तिचा ताण कमी होतो आणि सूर उतरतो. संध्याकाळी गारवा आला की तो पुन्हा चढतो. त्यात गाडीचे हादरे. मूळच्या वाद्यात तार ताणायला पेटीत ठोकलेले खिळे असतात आणि ते वेगळ्या किल्लीने पिळावे लागतात. चालत्या वरातीत, ट्यूबलाइटच्या उजेडात, हातातली किल्ली शोधत बसायला वेळ कोणाला? दातेरी चावीला किल्ली लागत नाही. दोन गाण्यांच्या मधल्या फटीत बोटांनी काम होते. परंतु त्याहून खोल कारण दुसरे आहे. पिकअपने आवाज वाढवला तेव्हा सुराची चूकही तेवढ्याच पटीने वाढली. खोलीत वाजणाऱ्या बुलबुलतरंगाची एक तार किंचित उतरलेली असली तर कोणाच्या ध्यानात येत नाही. भोंग्यातून तीच उणीव साऱ्या गावाला ऐकू येते. आधी आवाज आला आणि मग त्या आवाजाने सुराची मागणी केली. येथला क्रम असा आहे. तंबोऱ्याच्या परंपरेत तो नेमका उलटा होता : सूर आधी, आणि आवाज पुरेल तेवढाच.

या क्रमाला आमच्या भागाच्या अर्थव्यवस्थेचा आधार आहे, असे आम्हाला वाटते. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना १९३० च्या दशकात उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर बारामती, इंदापूर, माळशिरस या पट्ट्यात सहकारी कारखाने आले. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले. उसाचा पैसा आणि विहिरीवरची मोटर ही जोडी सोबतच आली. मोटर आली की ती जळते, आणि जळली की तिची गुंडाळी पुन्हा भरावी लागते. म्हणून या पट्ट्यातल्या प्रत्येक बाजारपेठेत ‘मोटर रिवाइंडिंग’ची पाटी दिसते. तांब्याची तार साच्यावर मोजून गुंडाळणे हे कसब येथे कित्येकांच्या हातात आहे. मोटरची गुंडाळी आणि पिकअपची गुंडाळी यांचे तत्त्व एकच, फक्त पिकअपची तार केसासारखी, मिलिमीटरच्या सोळाव्या हिश्शाएवढी. विजेचे वाद्य खेड्यात टिकते ते त्याचा बिघाड काढणारा हात जवळ असतो म्हणून. मिरजेत तलवारीचे कसब वाद्याकडे वळले; इकडे पंपाचे कसब त्याच्या जवळपास येऊन उभे राहिले. शिकलगाराला आपण परंपरेचे जनक म्हणतो. रिवाइंडिंगवाल्याला मात्र कोणत्याच इतिहासात जागा नाही.

ही उपेक्षा सहज घडलेली नाही, तिच्यामागे एक विचार आहे. कळांच्या वाद्याविषयी आपल्या संगीतविचाराला जुना संशय आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी आणि क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाने पुढे श्रुती-हार्मोनियमचा पुरस्कार केला. परदेशी पेटीचे स्वर बदलून तिला भारतीय करण्याचा तो प्रयत्न होता. आजच्या भाषेत सांगायचे तर सुराच्या बाजूने केलेली दुरुस्ती. ती रूढ झाली नाही. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी केली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. मींड निघत नाही, श्रुती मिळत नाहीत, हे आक्षेप बेंजोलाही जसेच्या तसे लागू आहेत. कळ दाबून एका स्वरातून दुसऱ्या स्वरात घसरता येत नाही. फार तर तार जोराने दाबून किंचित कंप देता येतो. हे आक्षेप खरे आहेत. मात्र हार्मोनियमवर वाद तरी झाला. बेंजोला वादाइतकीही प्रतिष्ठा मिळाली नाही. अशोक रानडे यांनी ‘लोकसंगीतशास्त्र’ (१९७५) लिहून मराठीत या विचाराला शिस्त लावली आणि पुढे जनसंगीत ही स्वतंत्र कोटी मानून तिचा गंभीर विचार केला. त्या कोटीत बेंजोला निश्चित जागा आहे. आमच्या वाङ्मयीन समीक्षेने मात्र तुणतुण्यापाशीच थांबायचे ठरवलेले दिसते. तुणतुणे ग्रामीण म्हणून चालते, बेंजो ग्रामीण असूनही ‘भ्रष्ट’ म्हणून चालत नाही. कारण त्याच्यात वीज आहे, जपान आहे आणि चित्रपटातले गाणे आहे. अस्सलपणाची ही कसोटी आम्हाला मान्य नाही. तुणतुण्याची तार तरी कोठल्या गिरणीत ओढली गेली, हे कोणी विचारले आहे काय?

शब्दसंपत्तीकडे पाहिले तरी हीच गोष्ट दिसते. वीणा, खुंटी, तार जुळणे, सूर लावणे यांनी आपली कविता भरली आहे. एकच एक रटाळ गोष्ट सांगणाऱ्याला आपण ‘तुणतुणे वाजवतो’ म्हणतो. बेंजोवरून मराठीत वाक्प्रचार झालेला नाही. रवी जाधव यांचा ‘बँजो’ (२०१६) हा चित्रपट आला तेव्हा या वाद्याचे नाव प्रथमच मोठ्या पडद्यावर झळकले, तेही हिंदीत. तमाशातल्या कलावंताची व्यथा आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधून साहित्यात आली आणि त्याच दिग्दर्शकाच्या हातून २०१० मध्ये पडद्यावर गेली, बेंजोवाल्याला मात्र पुस्तकाचा टप्पा लाभला नाही. वरातीपुढे सहा तास उभा राहून दुसऱ्यांच्या आनंदाला चाल पुरवणारा माणूस हा कादंबरीचा विषय नाही काय?

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या वाद्यांचे सुंदर दालन आहे. तेथली वाद्ये पाहताना एक गोष्ट जाणवते : ती सारी ‘पूर्ण’ आहेत. कोरीवकाम शाबूत, खुंट्या जागच्या जागी. वापरात झिजलेले, तीनदा भाग बदललेले, बुजवलेल्या छिद्रांचे वाद्य संग्रहालयात सहसा जात नाही. बावड्याजवळ पाहिलेल्या त्या पेटीवरच्या सहा फिक्या गुल्ल्या ही मात्र आमच्या दृष्टीने पोथीच्या समासातल्या हस्तलिखित टिपांसारखी गोष्ट आहे. मूळ संहिता कोणती, दुरुस्ती कोणाची, कोणत्या गरजेतून, हे त्या समासावरून लावता येते. पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी एखादा उन्हाळा अशा पेट्यांच्या नोंदी करण्यात घालवला तर तो वाया जाणार नाही. प्रत्येक पार्टीतल्या बेंजोची छायाचित्रे, पिकअप कोठला, चाव्या कोठल्या, कधी बदलल्या, आधीच्या कोठे गेल्या, एवढी साधी प्रश्नावली पुरे.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. बेंजोला आता त्याच्याच तर्काने मागे टाकले आहे. आवाजाच्या शर्यतीत उतरलेल्या वाद्याला अधिक आवाज भेटला : ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंती आणि लॅपटॉपवरची तयार गाणी. आता गाण्याची ओळख पटवून द्यायला वाद्य लागत नाही. गाणेच मूळ गायकासह वाजते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला मनाई आहे. त्या नियमांच्या कचाट्यात भिंतवाले आणि बेंजोवाले सारखेच सापडतात, कारण कायद्याला आवाज मोजता येतो, तो कोणत्या हातातून आला हे मोजता येत नाही. काही पार्ट्यांनी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड घेतले आहेत आणि बेंजो बाजूला ठेवला आहे. काहींनी तो ठेवला आहे, कारण कीबोर्डमधून येणारा बेंजोचा स्वर तारेसारखा झणत नाही, असे वादकांचे म्हणणे आहे आणि ते ऐकून पाहिल्यास पटते.

आम्ही पाहिलेल्या त्या पेटीच्या धन्याकडे जुने खिळे आणि पहिला पिकअप अजून आहेत. ते त्याने फेकलेले नाहीत. दुधाच्या पावडरीच्या एका डब्यात, तुटलेल्या तारांच्या वेटोळ्यांसोबत, ते ठेवलेले आहेत. का ठेवले, असे विचारल्यावर तो म्हणाला, कोणा पोराला शिकायला पेटी करून द्यायची झाली तर उपयोगी पडतील.